हिवाळ्यात प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट: बेत आखा उजेडाच्या हिशेबाने

डिसेंबर-जानेवारीत युरोपला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा जॅकेटची होते, दुसरी थर्मलची आणि तिसरी 'तिथे शाकाहारी मिळेल ना' याची. सूर्य किती वाजता मावळतो हे सहसा कुणी विचारत नाही. सहलीचं गणित मात्र त्यावरच जमतं किंवा फसतं.

डिसेंबरअखेरीला प्रागमध्ये सकाळी आठच्या सुमारास उजाडतं आणि दुपारी चारच्या आसपास सूर्य मावळतो. व्हिएन्ना आणि बुडापेस्टमध्येही मावळतीची वेळ जवळपास तीच. बुडापेस्टला उगवतो तेवढा अर्धा तास आधी. म्हणजे हातात उजेडाचे जेमतेम आठ तास, आणि त्यातही आकाश बऱ्याचदा ढगाळ. थंडीवर कपड्यांचा उपाय आहे. उजेड वाढवता येत नाही, तो जपूनच खर्चावा लागतो. त्यासाठी ही तीन शहरं चांगली, कारण तिन्ही एका रेल्वेमार्गावर आहेत, जवळजवळ आहेत आणि तिथे अंधार पडल्यावर करण्यासारखं भरपूर आहे.

शहरं तीनच, रात्री दहा

प्रागला तीन रात्री, व्हिएन्नाला चार, बुडापेस्टला तीन. याहून जास्त शहरं कोंबू नका. उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे शहर बदलण्यात अर्धा दिवस गेला तरी संध्याकाळ हाती उरते. हिवाळ्यात तोच अर्धा दिवस म्हणजे त्या दिवसाचा सगळा उजेड. दहा दिवसांत सहा देश दाखवणाऱ्या हिवाळी सहलींत लोक बसच्या खिडकीतून अंधार बघत फिरतात, असं माझं स्पष्ट मत आहे. स्लोवाकियाची राजधानी ब्रातिस्लावा बघायचंच असेल तर व्हिएन्नाहून रेल्वेने तासाभरावर आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत या, तिथे मुक्काम हलवू नका.

विमानाचं तिकीट जाताना प्राग आणि येताना बुडापेस्ट असं 'मल्टी-सिटी' पर्यायातून काढा. परतीसाठी पुन्हा प्राग गाठण्यात अख्खा दिवस जातो. क्रम हाच का? शेवटी बुडापेस्ट ठेवलं की थकलेल्या पायांना गरम पाण्याची कुंडं मिळतात, आणि व्हिएन्नाच्या मानाने तिथे खाणंपिणं स्वस्त असल्यामुळे खिशालाही जरा उसंत मिळते.

शहर बदलायच्या दिवशी गाडी कधीची घ्यायची? प्राग ते व्हिएन्ना साधारण चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आसपास. सकाळी सहाची गाडी घेतली तर कुटुंबाला अंधारात उठवून बर्फाळ रस्त्यावरून बॅगा ओढाव्या लागतात. दुपारी बाराची घेतली तर दोन्हीकडचा उजेड जातो. मला दुपारी तीन-साडेतीनची गाडी पसंत आहे. सकाळभर शहर बघायचं, सामान हॉटेलच्या लॉकर खोलीत ठेवायचं आणि अंधाराचे तास गाडीत घालवायचे. बरोबर वयस्कर मंडळी असतील तर मात्र सकाळी दहाची गाडी घ्या, म्हणजे नवीन शहरातलं हॉटेल उजेडात सापडेल.

व्हिसा: दिवाळीच्या आधी विचार करा

शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपीय देशांचा गट, हे तिन्ही देश त्यातच येतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण हे पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतं. नाताळाच्या सुट्टीसाठी सगळ्यांचे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकदम पडतात आणि मुंबई-पुण्यात अपॉइंटमेंट मिळणं कठीण होतं. तेव्हा गणपतीतच कागदपत्रं जमवायला घ्या आणि फराळाच्या आधी अर्ज करून मोकळे व्हा.

अर्ज कुठल्या देशाकडे? जिथे सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे. वरच्या बेतात व्हिएन्नाला चार रात्री असल्याने ऑस्ट्रियाकडे. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे. प्रौढांसाठी शुल्क २०२४ पासून ९० युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं. त्यावर अर्ज केंद्राचा सेवा आकार वेगळा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि पूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध असावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत.

हॉटेल रद्द करता येईल असंच नोंदवा. रेल्वेची स्वस्त तिकिटं बहुधा परत होत नाहीत, म्हणून ती व्हिसा हातात आल्यावरच काढा.

एक नवी गोष्ट. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर डिजिटल नोंदणी सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाच्या वेळी बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, त्यामुळे रांगा रेंगाळतात. आखाती देशांमार्गे गेलात तर हे सोपस्कार थेट प्रागला होतात आणि उशीर झाला तरी बिघडत नाही. फ्रँकफुर्टसारख्या ठिकाणी विमान बदलणार असाल तर प्रवेश तिथेच होतो. तेव्हा दोन विमानांमध्ये किमान तीन तास ठेवा.

तारखा: सगळं बंद असण्याचे दिवस

व्हिएन्नातला राटहाउस, म्हणजे नगरभवनासमोरचा प्रसिद्ध नाताळ बाजार नोव्हेंबरच्या मध्यापासून २६ डिसेंबरपर्यंत असतो. प्रागच्या जुन्या शहरातला ६ जानेवारीपर्यंत चालतो. जर्मनीतले न्यूरेम्बर्ग-म्युनिकचे मुख्य बाजार मात्र २४ डिसेंबरलाच गुंडाळतात. सुट्टी लागल्यावर २५ ला निघून 'आता नाताळ बाजार बघू' म्हणणाऱ्यांची तिथे निराशा होते. बाजार हाच मुख्य हेतू असेल तर डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा उत्तम, त्यातही सोमवार ते बुधवार. शनिवारी संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

२४ डिसेंबरच्या दुपारपासून २६ च्या रात्रीपर्यंत तिन्ही देशांत दुकानं जवळजवळ बंद असतात. चेकियात, म्हणजे प्रागच्या देशात, मोठ्या दुकानांना २४ ला दुपारी बारानंतर उघडं राहायला कायद्यानेच मनाई आहे. बुडापेस्टमध्ये त्या दिवशी दुपारनंतर मेट्रो आणि ट्रामही थांबत जातात. ऑस्ट्रियात तर वर्षभर दर रविवारी दुकानं बंद असतात, फक्त मोठ्या स्थानकांतली काही किराणा दुकानं उघडी मिळतात. तरीही २४ ते २६ हे तीन दिवस व्हिएन्नातच घालवावेत. शॉनब्रुन राजवाडा वर्षाचे सगळे दिवस उघडा असतो, आणि तुर्की, आशियाई, भारतीय उपाहारगृहं त्या दिवसांतही बहुधा चालू असतात. तरी २३ तारखेलाच ब्रेड, फळं, दही, दूध आणून ठेवा.

गर्दी नको, खर्च कमी हवा आणि नाताळाचा हट्ट नसेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा घ्या. हॉटेलांचे दर बरेच उतरलेले असतात, संग्रहालयांत रांगा नसतात आणि दिवसही थोडा मोठा झालेला असतो.

बर्फाबद्दल भ्रम ठेवू नका. या तिन्ही शहरांत नाताळाला पांढरा बर्फ पडलेला असणं हे नशीब. बहुतेक वेळा ओलसर, करडी थंडी असते. दिवसा शून्य ते चार अंश, रात्री उणे तीन-चार, अधूनमधून त्याहून खाली. बर्फ बघायचाच असेल तर व्हिएन्नाहून रेल्वेने सेमरिंगला जा, दीड तासाच्या आसपास लागतो. हा डोंगरी रेल्वेमार्ग १८५४ साली खुला झाला, म्हणजे आपल्या बोरघाटातल्या मार्गाच्या नऊ वर्षं आधी. त्या दगडी कमानींच्या पुलांवरून जाताना खंडाळ्याची आठवण होतेच.

कपडे: जाड एक नको, पातळ तीन हवेत

बाहेर शून्य आणि आत बावीस अंश. दिवसातून पंधरा-वीस वेळा या दोन हवामानांत ये-जा होते. अंगात आजीने विणलेला जाडजूड लोकरी स्वेटर आणि त्यावर कोट असेल तर ट्राममध्ये घामाघूम व्हाल आणि तोच घाम बाहेर आल्यावर गारठवेल. म्हणून थर लागतात.

अंगालगत थर्मल. ते मेरिनो लोकरीचं किंवा सिंथेटिक असावं. सुती बनियन घाम धरून ठेवतो, तो या कामाचा नाही. त्यावर फ्लीसचं जॅकेट, आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं, टोपीवालं, कमरेखाली येणारं जॅकेट. दोन थर्मल आणि दोन फ्लीस दहा दिवसांना पुरतात, रात्री धुवून रेडिएटरवर टाकले की सकाळी वाळलेले असतात. महागडं जॅकेट एका सहलीसाठी विकत घेण्यापेक्षा मुंबई-पुण्यात भाड्याने मिळतं ते पाहा, किंवा नातेवाइकांकडे चौकशी करा. अमेरिकेहून परतलेल्या एखाद्या भाच्याच्या कपाटात ते हमखास असतं. साडी किंवा पंजाबी ड्रेसच्या आत थर्मल लेगिंग आणि लांब लोकरी मोजे घातले की आई-काकूंना वेषांतर करावं लागत नाही. फक्त साडी घोट्याच्या वर नेसायला सांगा, ओला काठ दिवसभर गार लागतो.

खर्च करायचाच असेल तर बुटांवर करा. प्रागचे रस्ते दगडी फरशांचे, चढउताराचे, आणि ओले झाले की निसरडे. स्पोर्ट्स शूजचे तळवे तिथे घसरतात. पाणी आत न शिरणारे, खोल खाचांच्या तळव्याचे, घोटा झाकणारे बूट घ्या, आणि जाड मोजे घालून मापा. नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठा लागतो. घट्ट बुटात हवा खेळत नाही आणि बोटं आधी गारठतात. नवे बूट निघण्याआधी दोन-तीन आठवडे घरी घालून फिरा.

कानटोपी कान पूर्ण झाकणारी हवी. हातमोजे असे घ्या की ते न काढता मोबाइल वापरता येईल. थंडीत मोबाइलची बॅटरी भराभर उतरते, म्हणून तो आतल्या खिशात अंगालगत ठेवा. पाकीट आणि पासपोर्टही तिथेच. जाड जॅकेटच्या बाहेरच्या खिशात कुणी हात घातलेला कळतही नाही, आणि प्रागची २२ नंबरची ट्राम खिसेकापूंचं आवडतं ठिकाण आहे.

हीटरच्या कोरड्या हवेने ओठ फुटतात, नाक सुकतं, टाचांना भेगा पडतात. रात्री ओला टॉवेल रेडिएटरवर टाकून ठेवा, खोलीतली हवा जरा दमट राहते. भेगांना आपलं कोकमाचं तेल तिथेही उत्तम लागू पडतं.

दिवस कसा आखायचा

साधा नियम असा: उजेडात रस्त्यावर, अंधारात छताखाली. सकाळी आठ ते चार या वेळात पूल, किल्ला, चौक, बागा, टेकड्या. चारनंतर संग्रहालय, कॉफीघर, संगीत, कुंड, बाजार. बरेच लोक नेमकं उलटं करतात. सकाळी 'गार आहे' म्हणून संग्रहालयात शिरतात आणि तीनला बाहेर येऊन किल्ला शोधू लागतात.

पहिले दोन दिवस वेळेचा फरक तुमच्या बाजूने असतो. आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेचार तास पुढे, त्यामुळे पहाटे चारला जाग येते आणि संध्याकाळी सातला डोळे मिटू लागतात. याचा फायदा घ्या. उन्हाळ्यात प्रागचा चार्ल्स पूल मोकळा बघायला पहाटे पाचला उठावं लागतं. हिवाळ्यात साडेसातला पोहोचलं तरी पुरतं. नाश्ता करून निघा, पुलावर सूर्य उगवताना बघा, मग २२ नंबरच्या ट्रामने किल्ल्यावर जा. ट्राम वर सोडते, पायऱ्या फक्त उतरायच्या राहतात. किल्ल्यातल्या वास्तू हिवाळ्यात चारलाच बंद होतात, त्यामुळे किल्ला सकाळीच. ज्यू वस्तीतली संग्रहालयं शनिवारी बंद असतात. प्रागबाहेरच्या अनेक गढ्या आणि किल्ले हिवाळ्यात बंदच असतात, तेव्हा एखाद्याचं नाव बेतात घालण्याआधी तो उघडा आहे का ते तपासा.

व्हिएन्नात अंधाराचे तास सर्वांत सुखाचे. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, आल्बर्टिना बुधवारी आणि शुक्रवारी. कुन्स्टहिस्टोरिशेस हिवाळ्यात सोमवारी बंद. चित्रकार क्लिम्टचं 'द किस' बघायला वरच्या बेल्वेदेअर राजवाड्यात जावं लागतं, तिकीट वेळ ठरवून आधी काढा. स्टेट ऑपेरात उभं राहून बघण्याची स्वस्त तिकिटं त्याच दिवशी विकतात. पूर्ण तीन तास उभं राहायलाच हवं असं नाही, मध्यंतरात निघालात तरी कुणी नाक मुरडत नाही. कॉफीघरात एक मेलांज, म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी, मागवून दोन तास बसता येतं, आणि सोबत येणारा पाण्याचा पेला फुकट असतो. हे पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं, १८७३ पासून नळाने शहरात येतं. बाटल्या विकत घेऊ नका.

बुडापेस्टला सूर्योदयाला बुडा टेकडीवरचा मच्छीमारांचा बुरूज गाठा. समोर पलीकडच्या काठावर संसद दिसते. संसद आतून बघायची तर वेळेचं तिकीट काही आठवडे आधी काढा, हिवाळ्यात भेटीच्या वेळा चारपर्यंतच असतात. अंधार पडला की डॅन्यूब नदीवरची तासाभराची नौका, किंवा काठाने जाणारी दोन नंबरची ट्राम. दिवे तेच दिसतात, ट्रामचं तिकीट फारच स्वस्त. १८९६ ची पिवळी भुयारी मेट्रो धरून सेचेनी स्नानगृहाला जा. उघड्या कुंडात ३८ अंशांचं पाणी, डोक्यावर शून्य अंश आणि सगळीकडे वाफ. इथे थंडी हवीहवीशी वाटते. चपला आणि टॉवेल सोबत न्या, तिथे विकत-भाड्याने महाग पडतात. पोहण्याच्या तलावात टोपी सक्तीची. चौदा वर्षांखालच्या मुलांना औषधी गरम कुंडांत प्रवेश नाही, मुलं बरोबर असतील तर बेत आधीच बदला. गेलेर्त स्नानगृह ऑक्टोबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी काही वर्षं बंद आहे, जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका.

खाणं

युरोपीय संघात भारतातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा हे सगळं घरीच. बाकरवडी, चिवडा, चकली, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणी चालते. ताज्या फळांवरही बंदी आहे. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन तेवढी अपवाद.

चार जणांचं कुटुंब असेल तर निदान एका शहरात स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. थंडीत दिवसभर फिरून आल्यावर गरम मऊ भात आणि मेतकूट याला तोड नाही. फोडणी मात्र जपून. छताला लावलेला, धूर ओळखणारा भोंगा मोहरी तडतडायच्या आत वाजतो, आणि काही इमारतींत अग्निशमन दल आलं तर त्याचं बिल पाहुण्याच्या माथी येतं. मंद आच, झाकण, आणि खिडकी उघडी.

बाहेर शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत, पण विचारायला हवं. प्रागमध्ये 'स्माझेनी सीर' म्हणजे तळलेलं चीज. 'ब्रामबोराक' हे बटाट्याचं थालीपीठ म्हणता येईल, पण त्यात कधी डुकराची चरबी असते. बुडापेस्टचा 'लांगोश', तळलेल्या पोळीवर आंबट साय आणि चीज, पोटभरीचा. व्हिएन्नाच्या रस्त्यांवर भाजलेल्या चेस्टनटच्या पुड्या मिळतात, हात शेकायलाही उपयोगी. सूप 'भाज्यांचं' असलं तरी रस बहुधा गोमांसाचा असतो. चेक भाषेत 'बेझ मासा', हंगेरियनमध्ये 'हूश नेल्क्यूल' म्हणजे मांसाविना. अंडं न खाणाऱ्यांनी केक, शेवया आणि काइझरश्मार्न (तुकडे केलेलं गोड, जाड धिरडं) टाळावं.

बाजारातल्या गरम 'पुन्श'मध्ये मद्य असतं. मुलांसाठी 'किंडरपुन्श' मागा. कपासाठी काही युरो अनामत घेतात, कप परत केला की पैसे परत.

नाताळाच्या आधी प्रागच्या रस्त्यांत मोठ्या टबांमध्ये जिवंत मासे विकायला ठेवलेले दिसतील. हा कार्प, चेक लोकांच्या २४ डिसेंबरच्या जेवणातला मुख्य पदार्थ. तो समोरच मारून देतात. कोवळ्या मनाच्या मुलांना दुसऱ्या फुटपाथने न्या.

पैसे आणि तिकिटं

ऑस्ट्रियात युरो, चेकियात कोरुना, हंगेरीत फोरिंट. सगळीकडे कार्ड चालतं, रोख थोडीच काढा, आणि ती बँकेच्या एटीएममधून. पर्यटकांच्या चौकांतली सुटी यंत्रं वाईट दर देतात. यंत्राने 'रुपयांत किंवा युरोत आकारू का' विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलनच निवडा. प्रागमध्ये चलन बदलताना फसगत झाली तर तीन तासांच्या आत, पावती दाखवून, व्यवहार रद्द करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. सुटी नाणी जपून ठेवा, थंडीत स्वच्छतागृहाची गरज वारंवार लागते आणि ती बहुतेक पैसे देऊन वापरायची असतात.

कागदी तिकिटावर यंत्रात शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि 'माहीत नव्हतं' हे तपासनीस ऐकत नाहीत. बुडापेस्ट विमानतळाच्या १००-ई बसला वेगळं तिकीट लागतं, दिवसाचा साधा पास चालत नाही. बुडापेस्टच्या उपाहारगृहांत बिलात सेवा आकार बहुधा आधीच धरलेला असतो, तो पाहूनच टिप द्या.

रेल्वेची तिकिटं चेक, ऑस्ट्रियन किंवा हंगेरियन रेल्वेच्या संकेतस्थळांवर थेट काढा आणि दोन ठिकाणी दर ताडून बघा. डिसेंबरच्या मध्यावर युरोपभर वेळापत्रक बदलतं, त्यामुळे त्यानंतरच्या तारखांची तिकिटं कधीकधी उशिरा खुली होतात. घाबरून महाग बस घेऊ नका. आसन आरक्षण तिकिटात धरलेलं नसतं, सुट्टीच्या दिवसांत ते थोडे युरो देऊन कराच.

व्हिएन्नात एका दुकानातून एका वेळी ७५ युरोंपेक्षा जास्त खरेदी केली तर करपरतीचा फॉर्म मागून घ्या. त्यावर कस्टमचा शिक्का युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या शेवटच्या विमानतळावर, म्हणजे या बेतात बुडापेस्टला, मिळतो. वस्तू दाखवायला सांगू शकतात, म्हणून बॅग चेक-इन करण्याआधी कस्टमच्या खिडकीशी जा आणि त्यासाठी विमानतळावर तासभर लवकर पोहोचा.